निवड आणि सल्ला : नागोठणे परिसरातील विद्यार्थी-मार्गदर्शनाचा इतिहास

महाविद्यालयात शिकणाऱ्या विद्यार्थ्याने मुख्य विषय कोणता घ्यावा, त्याच्या जोडीला कोणते विषय निवडावेत, कोणता पेपर कोणत्या सत्रात पुरा करावा आणि मागे राहिलेला विषय केव्हा सोडवावा, याची आखणी त्याच्याबरोबर बसून करून देणाऱ्या शिक्षकाला शैक्षणिक सल्लागार म्हणतात. हे काम व्यवसाय मार्गदर्शनाहून निराळे आहे, कारण व्यवसाय मार्गदर्शनाची नजर शिक्षणानंतरच्या नोकरीवर असते. आणि ते समुपदेशनाहूनही निराळे आहे, कारण समुपदेशकाचा संबंध मुख्यतः विद्यार्थ्याच्या मनावरील ताणाशी येतो. शैक्षणिक सल्लागाराचे क्षेत्र या दोहोंच्या मधले, म्हणजे प्रत्यक्ष अभ्यासक्रमाच्या रचनेचे असते. रायगड जिल्ह्यातील नागोठणे आणि त्याच्या आसपासचे पेण व रोहा हे तालुके डोळ्यांसमोर ठेवून या कामाचा मागोवा घेतला, तर असे दिसते की अभ्यासक्रमात निवडीला वाव निर्माण झाल्यावरच सल्लागाराची गरज उभी राहते, आणि या भागातील विद्यार्थ्यांच्या वाट्याला अशी निवड फार उशिरा, पण आली तेव्हा एकदम आली.

नागोठणे हे रोहा तालुक्यातील अंबा नदीच्या काठचे जुने बंदराचे गाव होय. खाडीतून गलबते येथपर्यंत येत, आणि १५८२ च्या सुमारास चौलच्या काझी अल्लाउद्दीन याने येथे बांधलेला दगडी पूल हा घाटमाथा व किनारा यांमधील वाहतुकीत या गावाला असलेल्या महत्त्वाचा पुरावा आहे. व्यापाराचा मार्ग असलेल्या या गावातून शिक्षणाचा मार्ग मात्र दीर्घकाळ बाहेरच जात राहिला. १८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे शिकवण्याचे काम महाविद्यालयांनी करायचे आणि परीक्षा घेऊन पदवी देण्याचे काम विद्यापीठाने करायचे, अशा विभागणीवर. १८६२ मध्ये महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक हे पहिले चार पदवीधर बाहेर पडले. परीक्षा सर्वांना सारखी, म्हणून अभ्यासही बहुतांशी ठरलेला. विद्यार्थ्याने ठरावीक काळ महाविद्यालयात हजेरी लावायची, ज्याला ‘टर्म भरणे’ म्हणत, आणि मग परीक्षेला बसायचे. एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गाच्या टर्म भरण्याची मुभा देणारी, आजही प्रत्येक विद्यार्थ्याच्या तोंडी असलेली ‘एटीकेटी’ ही सवलत त्याच व्यवस्थेची आठवण आहे. अशा रचनेत विद्यार्थ्याला विचारायचे प्रश्न थोडेच होते, आणि जे होते त्यांची उत्तरे महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर लागत.

खरा निर्णय महाविद्यालयाच्या दारापाशी पोहोचण्यापूर्वीच झालेला असे. मुलाला इंग्रजी शाळेत घालायचे की नाही, अलिबागला ठेवायचे की मुंबईला धाडायचे, तेथे कोणाच्या घरी त्याची राहण्या-जेवण्याची सोय होईल, हे घरातील वडीलधारी माणसे, गावचे मास्तर आणि मुंबईत चाकरी करणारे नातेवाईक मिळून ठरवीत. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याच्या याच टापूत अवघ्या चार-पाच महिन्यांच्या अंतराने जन्मलेल्या दोन व्यक्तींच्या शिक्षणात हे चांगले दिसून येते. विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी पेण तालुक्यातील गागोदे येथे झाला. पुढे कुटुंब बडोद्याला गेल्यावर शाळेत त्यांनी फ्रेंच घेतले ते वडिलांच्या इच्छेने, आईची ओढ संस्कृतकडे असताना. विषयाची निवड घरात झाली आणि त्या निवडीशी मुलाच्या स्वतःच्या ओढीचा मेळ बसला की नाही, हे पाहणारे शाळेत कोणी नव्हते. १९१६ मध्ये इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईकडे निघालेले विनोबा वाटेत सुरतेला उतरून काशीला गेले आणि औपचारिक शिक्षणाशी त्यांचा संबंध कायमचा संपला.

चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी महाडजवळील नाते येथे झाला, आणि त्यांच्या शालेय शिक्षणाचा काही भाग रोह्यात गेला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली, आणि तरीही केंब्रिजच्या जीझस कॉलेजात त्यांनी निसर्गविज्ञानाचा अभ्यास करून वनस्पतिशास्त्रात पारितोषिक पटकावले. संस्कृतात अव्वल ठरलेल्या विद्यार्थ्याला वनस्पतिशास्त्राकडे वळण्याची मोकळीक असणे, ही त्या काळच्या मुंबई विद्यापीठाच्या चौकटीत सहज बसणारी गोष्ट नव्हती. केंब्रिजच्या महाविद्यालयांत या मोकळिकीला आधार देणारी दोन पदे असतात : विद्यार्थ्याच्या एकूण हिताची काळजी वाहणारा ट्यूटर आणि त्याच्या विषयाचा अभ्यास आखून देणारा अभ्यास-संचालक. येथे निवड आणि तिच्याबरोबर येणारी देखरेख एकाच व्यवस्थेचे दोन भाग म्हणून वाढली. हेच देशमुख १९५६ ते १९६१ या काळात विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते, आणि रोह्याच्या महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे.

अमेरिकेत सल्लागाराचे पद ज्या कारणाने जन्मले ते तर अधिकच स्पष्ट आहे. १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झालेल्या चार्ल्स एलियट यांनी ठरीव अभ्यासक्रम मोडून विद्यार्थ्याला विषय निवडण्याची मुभा दिली, आणि मुभा वाढत गेली तसा विद्यार्थ्यांचा गोंधळही वाढला. १८७६ मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने प्राध्यापकांनाच विद्यार्थ्यांचे सल्लागार नेमले आणि १८८९ मध्ये हार्वर्डनेही प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी सल्लागार मंडळ स्थापले. या मोकळ्या व्यवस्थेचा पुरेपूर उपयोग करून घेणारा मराठी विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात गेल्यावर तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५ आणि मानववंशशास्त्राचे ४ अभ्यासक्रम घेतले, शिवाय राज्यशास्त्र, फ्रेंच आणि जर्मनही. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात हे शक्य नव्हते. त्यांचे अध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडनमधील सिडनी वेब यांना त्यांच्यासाठी परिचयपत्र दिले, म्हणजे मार्गदर्शन एका विद्यापीठाच्या कुंपणापाशी थांबले नाही. पुढे आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापली, आणि त्याच संस्थेचे महाविद्यालय १९६१ मध्ये महाडला सुरू झाले, ही गोष्ट कुलाबा जिल्ह्याच्या शैक्षणिक इतिहासात मोलाची आहे.

भारतात या प्रश्नाकडे लक्ष गेले ते आधी नोकरीच्या वाटेने. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय यांच्या नावाचे व्यवसाय मार्गदर्शन केंद्र निघाले, १९४७ मध्ये पारशी पंचायतीने आपले केंद्र काढले, आणि १९५० मध्ये मुंबई सरकारनेही असे कार्यालय उघडले. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांत मार्गदर्शनाची सोय असावी असे म्हटल्यावर निवडक शिक्षकांना प्रशिक्षण देऊन ‘करिअर मास्टर’ तयार करण्यात आले. दहावी-अकरावीच्या मुलांना कोणत्या नोकऱ्यांसाठी कोणते शिक्षण लागते हे सांगणे, तक्ते लावणे, अभिरुची चाचण्या घेणे असे त्यांचे काम होते. शहरांत ही योजना थोडीबहुत रुजली. महाविद्यालयांपर्यंत ती पोहोचलीच नाही, कारण महाविद्यालयात आलेल्याला मार्ग सापडलेला आहे असेच गृहीत धरले जात होते.

हे गृहीत चुकीचे आहे असे स्पष्ट शब्दांत मांडणारा दस्तऐवज म्हणजे कोठारी आयोगाचा १९६६ चा अहवाल. या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूरकडचे, खेड्यातील शिक्षणाचा जिवंत अनुभव असलेले शिक्षणतज्ज्ञ होते. नव्या विद्यार्थ्यांसाठी वर्षारंभी परिचयवर्ग घ्यावेत, प्रत्येक विद्यार्थ्याला अभ्यासाची आखणी करण्यास मदत करणारा शैक्षणिक सल्लागार नेमून द्यावा, अध्यापकवर्गानेच हे काम अंगावर घ्यावे, आणि दर १००० विद्यार्थ्यांमागे किमान एक समुपदेशक असावा, अशा शिफारशी त्यात आहेत. शैक्षणिक सल्लागार ही कल्पना भारतीय उच्च शिक्षणाच्या धोरणात इतक्या नेमकेपणाने तेव्हाच आली होती, हे लक्षात घेतले की त्यानंतरच्या अर्धशतकातील उपेक्षा अधिक बोचते. शिफारस वाईट म्हणून ती मागे पडली नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत नव्याने निघणाऱ्या महाविद्यालयांपुढे इमारत, प्रयोगशाळा आणि मान्यताप्राप्त शिक्षक यांचीच चणचण होती, आणि अभ्यासक्रम अजूनही ठरीव असल्यामुळे सल्लागाराविना काही अडत नाही असे वाटत राहिले.

तरीही १९६० ते १९९० या तीन दशकांत नागोठण्याच्या आसपासच्या विद्यार्थ्यांना सल्ला मिळतच होता, फक्त तो देणाऱ्याच्या पदाला ते नाव नव्हते. १९५९ मध्ये महाराष्ट्रात, म्हणजे तेव्हाच्या मुंबई राज्यात, आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील मुलांना फीमाफी देणारी ईबीसी सवलत सुरू झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना भारत सरकारची शिष्यवृत्ती होतीच. या सवलतींमुळे शेतकरी, आगरी, कोळी आणि पूर्वास्पृश्य घरांतील पहिली पिढी महाविद्यालयात आली, आणि त्या पिढीचा पहिला सल्लागार ठरला तो कार्यालयाच्या खिडकीमागे बसलेला लिपिक. उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराकडून केव्हा आणायचा, जातीच्या दाखल्यावरील आडनाव शाळा सोडल्याच्या दाखल्याशी जुळत नसेल तर काय करायचे, फॉर्म भरायची शेवटची तारीख कोणती, नापास झाल्यास सवलत जाते की राहते, हे सारे त्यालाच ठाऊक असे. विषय कोणता घेतला तर सवलत कायम राहते हेही तोच सांगे. अभ्यासाची आखणी आणि पैशाची आखणी या गरीब विद्यार्थ्याच्या बाबतीत वेगळ्या करताच येत नाहीत. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत या लिपिकाला स्थान मिळालेले नाही, पण कोकणातील उच्च शिक्षणाच्या प्रसारात त्याचा वाटा फार मोठा आहे.

अभ्यासातील निवडीचे पहिले वळण महाविद्यालयाच्या आधीच येऊन ठेपले ते १९७५ मध्ये, जेव्हा जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन नव्या आकृतिबंधाची दहावीची परीक्षा प्रथमच झाली, आणि १९७७ मध्ये बारावीची. दहा, दोन आणि तीन वर्षांच्या या रचनेत कला, वाणिज्य की विज्ञान हे पंधरा-सोळाव्या वर्षी ठरवावे लागू लागले. विज्ञान घेतल्यावर गणित धरले तर अभियांत्रिकीची आणि जीवशास्त्र धरले तर वैद्यकाची वाट मोकळी राहते, हा हिशेब घरोघरी पाठ झाला. पण तो हिशेब गुणांवर आणि जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात कोणती शाखा आहे यावर अवलंबून राहिला. पेण, रोहा किंवा अलिबाग येथे रोज जाऊन परत येणे एसटीच्या वेळापत्रकावर ठरे, आणि १९८६ मध्ये रोह्यापर्यंत रेल्वे आल्यावर पनवेल-दिव्याकडील महाविद्यालयेही काहींच्या टप्प्यात आली.

याच सुमारास नागोठण्याच्या शिक्षणावर सर्वांत खोल ठसा उमटवणारी घटना घडली : इंडियन पेट्रोकेमिकल्स कॉर्पोरेशन, म्हणजे आयपीसीएल, या सरकारी कंपनीचा वायूपासून रासायनिक कच्चा माल बनवणारा प्रकल्प येथे उभा राहिला आणि १९९० च्या आसपास सुरू झाला. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीत रसायनांचे कारखाने आधीपासून होते, पण भातशेतीच्या गावालगत एवढा मोठा प्रकल्प आल्याने कोणते शिक्षण घ्यावे या प्रश्नाचे उत्तर कारखान्याच्या फाटकाकडे बोट दाखवून दिले जाऊ लागले. आयटीआयमधील ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’, ज्याला सगळे एओसीपी म्हणतात, हा कारखान्यातील यंत्रणा चालवण्याचे शिक्षण देणारा अभ्यासक्रम, रसायन अभियांत्रिकीची पदविका आणि रसायनशास्त्रातील बीएस्सी या तीन वाटांना मान आला. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली कंपनीत उमेदवारी मिळाली की पुढे कायम नोकरी लागेल, ही आशा त्यामागे होती. कारखान्यात काम करणारा शेजारी किंवा मामा हाच सल्लागार, आणि त्याचा सल्ला त्याला जेथून जग दिसत होते त्या जागेवरून खराच असे. मात्र अशा सल्ल्याला एक मर्यादा असते : तो आजच्या भरतीकडे पाहतो, तीन किंवा पाच वर्षांनंतरच्या भरतीकडे पाहू शकत नाही. २००२ मध्ये सरकारने आयपीसीएलमधील आपल्या हिश्शाचा काही भाग आणि व्यवस्थापन रिलायन्सकडे दिले आणि २००७ मध्ये कंपनी रिलायन्स इंडस्ट्रीजमध्ये विलीन झाली. सरकारी कंपनीतील कायम नोकरी गृहीत धरून केलेली आखणी ज्यांची होती, त्यांना नव्याने विचार करावा लागला. रसायनशास्त्राचा पदवीधर गुणवत्ता नियंत्रण, औषधनिर्मिती, पर्यावरण तपासणी किंवा अध्यापन यांकडेही जाऊ शकतो आणि त्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच काही विषय जोडून घ्यावे लागतात, हे सांगणारा माणूस महाविद्यालयातच असायला हवा होता.

महाराष्ट्रात सल्ल्याला अभ्यासक्रमाचे अंग मानणारी पहिली मोठी संस्था ठरली ती १९८९ मध्ये नाशिकला स्थापन झालेले यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नोकरी करणाऱ्या, शिक्षण तुटलेल्या, संसारात असलेल्या विद्यार्थ्यांसाठी अभ्यासकेंद्रांवर त्याने ‘समंत्रक’ नेमले. समंत्रकाने व्याख्यान देण्यापेक्षा विद्यार्थ्याच्या अडचणी सोडवाव्यात, स्वाध्याय पाहावेत आणि त्याला अभ्यासाची गती राखण्यास मदत करावी, अशी ही कल्पना होती. सुटीच्या दिवशीच्या संपर्क सत्रांत ती कोठे नीट चालली, कोठे नुसती हजेरीपुरती उरली. तरी मार्गदर्शनाला तास आणि मानधन असते हे तत्त्व तिने मान्य केले, आणि नेमके हेच नियमित महाविद्यालयांनी उचलले नाही.

नियमित महाविद्यालयांत हा विषय शिरला तो मूल्यांकनाच्या दाराने. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेने, म्हणजे नॅकने, महाविद्यालयांना श्रेणी देताना विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या आधाराची मोजदाद सुरू केली, आणि पुढे एका मार्गदर्शक शिक्षकामागे किती विद्यार्थी आहेत हे प्रमाणही विचारले जाऊ लागले. त्यातून ‘मेंटॉर-मेंटी’ योजना आली. एका शिक्षकाकडे वीस-पंचवीस विद्यार्थी, प्रत्येकाची एक नोंदपत्रिका, तीत घरचा पत्ता, पालकांचा व्यवसाय, बारावीचे गुण, छंद आणि भेटीची तारीख असे रकाने. पत्रिका चांगली आहे. जेथे शिक्षक ती खरोखर वापरतो तेथे गळती होऊ घातलेला विद्यार्थी वेळीच ध्यानात येतो. परंतु अनेक ठिकाणी नॅकची समिती येण्याआधी या पत्रिका एका बैठकीत भरल्या जातात, ही शिक्षणक्षेत्रातील सर्वांना माहीत असलेली गोष्ट आहे, आणि ती नोंदवल्याशिवाय हा इतिहास प्रामाणिक होणार नाही.

मुंबई विद्यापीठाने २०११-१२ पासून श्रेयांकाधारित सत्र पद्धती आणली. श्रेयांक, ज्याला बोलताना सगळे क्रेडिट म्हणतात, हे अभ्यासाच्या परिमाणाचे एकक आहे : एका सत्रात साधारण १५ तासांचे व्याख्यान किंवा ३० तासांचे प्रात्यक्षिक म्हणजे एक श्रेयांक. तेव्हा मापनपद्धती बदलली, पण विषयांचे ताट बहुतांशी तेच राहिले. खरा बदल राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आला. महाराष्ट्रात तो २०२३-२४ मध्ये स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांच्या पदवीच्या प्रथम वर्षात लागू झाला. नागोठण्याच्या विज्ञान महाविद्यालयात बारावी होऊन आलेल्या मुलीपुढे आता मुख्य विषय, दुय्यम विषय, दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायचा खुला वैकल्पिक विषय, व्यवसायकौशल्याचा आणि क्षमतावृद्धीचा अभ्यासक्रम, भारतीय भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि सहअभ्यास उपक्रम अशी खाती असतात. सत्राला साधारण २२ याप्रमाणे तीन वर्षांत सुमारे १३२ श्रेयांक जमवायचे असतात. एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका, तीन वर्षांनंतर पदवी आणि चार वर्षांनंतर ऑनर्स घेऊन बाहेर पडता येते, पण पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षानंतर बाहेर पडायचे तर कौशल्याचे आणखी ४ श्रेयांक मिळवावे लागतात. मिळवलेले श्रेयांक शैक्षणिक श्रेयांक बँकेत डिजिटल खात्यावर साठतात आणि ते खाते विद्यार्थ्याला स्वतःच उघडावे लागते.

एका मुलीचा हिशेब जवळून पाहिला तर या रचनेतील अडचण उमगते. तिला रसायनशास्त्र मुख्य ठेवायचे आहे आणि पुढे औषधनिर्मितीत जायचे आहे, तर दुय्यम विषय वनस्पतिशास्त्र घ्यावा की भौतिकशास्त्र, हा निर्णय आज घेतलेला पुढच्या पदव्युत्तर प्रवेशापर्यंत पोहोचतो. खुल्या वैकल्पिकासाठी तिला वाणिज्य वा मानव्यविद्या शाखेतील विषय हवा; लहान गावातील विज्ञान महाविद्यालयात असा विषय शिकवणारा शिक्षक असेलच असे नाही, त्यामुळे ‘जो उपलब्ध तो घ्या’ असे सांगितले जाते, किंवा ऑनलाइन अभ्यासक्रमाचा पर्याय सुचवला जातो, ज्याची नोंदणी आणि परीक्षा यांच्या तारखा विद्यापीठाच्या वेळापत्रकाशी जुळवून घ्याव्या लागतात. घरची परिस्थिती बिघडली तर पहिल्या वर्षानंतर थांबावे की कसेही करून तिसरे वर्ष गाठावे, आणि थांबल्यास श्रेयांक किती काळ टिकतील, हेही तिला कोणीतरी सांगायला हवे. पूर्वीच्या ठरीव अभ्यासक्रमात चुकीच्या निवडीला जागाच नव्हती; आता ती आहे, आणि तिचा भार वडिलांना किंवा मामाला उचलता येणार नाही, कारण ही रचना त्यांच्या अनुभवात कोठेच नाही. शहरातील सुशिक्षित घर हा भार स्वतः उचलू शकते. ज्या घरातून पहिलीच मुलगी महाविद्यालयात आली, तिच्यासाठी सल्लागार हीच एकमेव जागा उरते.

नियमांत ही जागा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांत शिक्षकाने रोज किमान ५ तास महाविद्यालयात उपलब्ध राहावे आणि किमान २ तास विद्यार्थ्यांचे मार्गदर्शन व तत्सम कामांना द्यावेत, एका समन्वयकाकडे किमान १५ विद्यार्थी असावेत, असे म्हटले आहे. परंतु महाराष्ट्रातील ग्रामीण महाविद्यालयांत अध्यापनाचा मोठा भाग तासिका तत्त्वावरील, म्हणजे सीएचबी शिक्षक सांभाळतात, आणि त्यांना मोबदला मिळतो तो फक्त वर्गात घेतलेल्या तासिकेचा. ते एका महाविद्यालयातील तास संपवून दुसऱ्या महाविद्यालयाकडे धाव घेतात. विद्यार्थ्याबरोबर बसून विषयांचा तक्ता आखण्यासाठी दिलेला अर्धा तास कोणत्याही बिलात बसत नाही. तरीही त्यांच्यापैकी अनेक जण तो देतात, आणि त्यांचे हे श्रम कोठारी आयोगाच्या शिफारशीइतकेच दुर्लक्षित राहिले आहेत. शासनाला नवे धोरण नागोठण्यापर्यंत खरोखर पोहोचवायचे असेल, तर रिक्त पदे भरेपर्यंत निदान सीएचबी शिक्षकाच्या मानधनात सल्ल्याचे तास मोजावेत, प्रवेशाच्या वेळी विषयनिवडीचा अर्ज सल्लागाराच्या सहीशिवाय स्वीकारू नये, आणि कोणत्या महाविद्यालयात प्रत्यक्षात कोणते वैकल्पिक विषय शिकवले जातात याची यादी विद्यापीठाने प्रवेशापूर्वी मराठीत प्रसिद्ध करावी.